जिंकलेल्याच्या पानातला रोडगा

दिन्या, तुझी शोकसभा पाहायला तू हवा होतास. हसून हसून मेला असतास.

शाळेच्या हॉलमध्ये तुझा टाय लावलेला फोटो ठेवला होता. तो टाय मुख्याध्यापकांचा, फोटोपुरता उसना घेतलेला, हे मला ठाऊक. वर झेंडूचा हार एवढा जाड की तुझी हनुवटी त्यात बुडालेली. एकेक जण उठत होता आणि माइकसमोर खोटं बोलून बसत होता. सरांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. सर अजातशत्रू होते. सर गणित शिकवायचे पण माणसं जोडायचे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे ऐकलं होतं, त्या दिवशी मोजायला बसलो तर घागरी पुरल्या नसत्या. कळस केला आपल्या रमेशने. आपल्या स्केटिंग क्लबचा अध्यक्ष म्हणून तो दोन पानं लिहून घेऊन आला होता. "दिनकरराव म्हणजे खेळाडू वृत्तीचा मूर्तिमंत पुतळा," असं त्याने म्हटलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. तू आणि खेळाडू वृत्ती! मांजराने उपास धरल्याचं सांगावं तसं.

मग त्याने मला बोलावलं. मी उठलो आणि म्हणालो, "दिनकर माझा मित्र होता. इतकी वर्षं तो कायम माझ्या मागे असायचा." आणि बसलो. लोकांना वाटलं, मला गलबलून आलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मला काहीही गलबलून आलं नव्हतं. मला तुझा राग आला होता, आणि तो राग टाय लावलेल्या फोटोसमोर काढता येत नव्हता. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आपली ओळख बाकावर झाली. नागपुरात नंदनवन कॉलनीतल्या बागेत तो सिमेंटचा गोल होता, तिथे आपल्या पोरी स्केटिंग शिकायला यायच्या. माझी मुग्धा, तुझी सई. आपण दोघं बाकावर पाण्याच्या बाटल्या आणि गुडघ्यांच्या गाद्या सांभाळत बसायचो, लग्नात बायकांच्या पर्सा सांभाळत बसलेल्या नवऱ्यांसारखे. शिकवणाऱ्या सरांकडे मोठ्या मापाचा एक जुना जोड पडून होता. एका रांगेत चार चाकं असलेले ते इनलाइन स्केट तू एक दिवस पायात चढवलेस, दोन पावलं गेलास आणि सरळ बुडावर बसलास. मी हसलो. तू बसल्या जागेवरून म्हणालास, "हसून राहिला? घालून दाखव ना बे."

मी घातले. मीही पडलो. तू एवढा हसलास की पोरींनी लाजून तोंड फिरवलं. आयुष्यातली सगळी मूर्ख कामं माणूस असंच कुणीतरी "घालून दाखव" म्हटल्यावर करतो.

पुढे पोरी दहावीत गेल्या, क्लास लागले आणि त्यांचे स्केट माळ्यावर गेले. आपण मात्र अडकलो, क्लबच्या शर्यतींत उतरायला लागलो. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, तू शाळामास्तर, दोघांचीही पोटं बेल्टच्या बाहेर डोकावणारी. त्यावर तो अंगाला चिकटणारा शर्यतीचा सूट. पहिल्यांदा तू तो घालून बाहेर आलास तेव्हा शोभावहिनी म्हणाल्या होत्या, "अहो, त्याच्यावर एखादा सदरा तरी घाला, कॉलनीत माणसं राह्यतात." तू ऐकलं नाहीस. तू कधी कुणाचं ऐकलंस?

आता त्या मागे असण्याबद्दल. ज्यांनी कधी चाकांवर पाय ठेवला नाही त्यांना हे सांगावं लागतं. रस्त्यावरच्या शर्यतीत सगळ्यात मोठा शत्रू असतो वारा. पुढचा माणूस वारा छातीवर घेतो, आणि त्याच्या पाठीला चिकटून मागे राहणारा त्याच्या आडोशाने जवळजवळ फुकटात सरकतो. नियमाने त्यात काही चूक नाही. चांगले खेळाडू आळीपाळीने पुढे येतात, थोडा वेळ तू वारा काप, थोडा वेळ मी कापतो. तू मात्र कधीही पुढे आला नाहीस. शिट्टी वाजली की तू माझ्या पाठीमागे यायचास आणि शेवटचा सरळ रस्ता लागेपर्यंत तिथेच राहायचास. मला तू दिसायचा नाहीस, फक्त तुझ्या चाकांची घरघर ऐकू यायची, माझ्या घरघरीच्या अर्ध्या तालाने मागे. आणि शेवटी, जेव्हा माझ्या मांड्यांची लाकडं झालेली असायची, तेव्हा तू ताजातवाना बाजूने निघून जायचास. जाताना म्हणायचास, "चाल गा, येतो." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

कोण पहिला आला, कोण दुसरा, याच्याशी आपल्याला देणंघेणं नव्हतं. पुढे ती तरणी पोरं वाऱ्यासारखी निघून जायची. आपली शर्यत आपल्या दोघांतच होती, आणि ती दरवेळी तूच जिंकायचास.

"एकदा तरी पुढं राह्य ना बे," मी म्हणायचो. "एकदा मले मागं राहू दे."

"पुढच्या वेळी."

"मागच्या वेळी बी हेच म्हणला होता."

"अव्या, तुले समजून नाही राहिलं. मी मागं आहो म्हणून तू पळते. मी नसलो त तू संध्याकाळी भाजी आणायला निघाल्यासारखा जाशीन. मी तुले ढकलत राह्यतो."

"हात न लावता?"

"हात न लावता. हेच त गणित आहे."

तुझं हे गणित मी कधी मान्य केलं नाही. कोण कुणाला ओढतंय आणि कोण कुणाला ढकलतंय, यावर आपण गाडीत भांडलो, रस्त्याच्या कडेला तर्री पोहे खाताना भांडलो, बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून घासताना भांडलो. तुझ्या बायकोने एकदा दोघांनाही घराबाहेर काढलं होतं.

आणि शर्यतीनंतर खापा. मनोहरच्या शेतावर.

आपला हा मित्र स्वतः कधी स्केटवर उभा राहिला नाही. "देवानं दोन पाय देल्ले, त्याले चाकं लावणं म्हणजे देवाची चूक काढणं होय," असं त्याचं मत. पण प्रत्येक शर्यतीला तो आपल्याला गाडीने न्यायचा, पाणी द्यायचा आणि नंतर कन्हान नदीच्या काठच्या त्याच्या शेतावर रोडगे लावायचा. गोवऱ्यांचा जाळ बसला की राखेत जाड्याभरड्या कणकेचे गोळे पुरायचे, शेजारी वांग्याची भाजी रटरटत ठेवायची आणि मग भूक अंगावर येईपर्यंत बसून राहायचं. भाजीतलं तिखट तुझं. भिवापूरला तुझ्या भावाच्या शेतातली मिरची तू दर वर्षी पोत्याने आणायचास आणि वाटताना असा चेहरा करायचास जणू तूच तिला एकेक करून लाल केलीस.

जेवणाचा नियम मनोहरचा. त्याचे वडील तालमीतले. गावात कुस्त्यांचा फड झाला की हरलेला पैलवान जिंकलेल्याला चटईवर बसवून आपल्या हाताने वाढायचा, अशी त्यांच्या तालमीची रीत. मनोहर ती आपल्याला पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला, "हरलेल्यानं वाढलं का वैर पानातच राह्यते. घरी जात नाही. माह्या वावरात हेच चालन."

म्हणून मी वाढायचो. इतकी वर्षं दर शर्यतीनंतर तुझ्या पत्रावळीवर राखेतला रोडगा मी झटकून ठेवला, मी फोडला, त्यावर तूप मी ओतलं. आणि तू? "पुरे" हा शब्द तुला कुणी शिकवलाच नव्हता. मी धार धरायचो आणि तू नुसता वर बघत बसायचास. रोडगा भिजून तूप वरणात उतरायला लागलं की मग हात आडवा करायचास. पहिला घास घेऊन डोळे मिटायचास.

"जिंकलेल्याच्या पानातला रोडगा अलगच लागते बाप्पा."

"एकाच राखेतून निघाले ना बे दोन्ही."

"तुले कसं समजणार? तू खाल्ला कुठं?"

मनोहर हसायचा. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर ते वाक्य मला दर वेळी लागायचं. पन्नाशी उलटलेला माणूस एका रोडग्यासाठी मनात कुढतो हे कुणाला सांगण्यासारखं नाही. ऑफिसात माझ्यानंतर आलेले लोक माझ्यावर साहेब होऊन बसले, त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. तुला एकदा, फक्त एकदा, मागे टाकून त्या चटईवर बसायचं आणि तुझ्या हातचं तूप पानात घ्यायचं, एवढंच मला पाहिजे होतं. तुला ते माहीत होतं. म्हणूनच तू ते वाक्य दर वेळी म्हणायचास.

आता इथे मला तुझी एक चांगली गोष्ट सांगावी लागेल. नाइलाज आहे.

एका वर्षी मी वळणावर पडलो आणि मनगट मोडलं. तू माझ्या मागेच होतास. थांबला असशील असं वाचणाऱ्याला वाटेल. छे! तू मला वळसा घालून निघून गेलास, शर्यत पुरी केलीस आणि मग स्केट हातात घेऊन मोज्यांवर पळत परत आलास. "आधी काहून नाही थांबला?" मी विव्हळत विचारलं. "तू कुठं पळून चालला होता?" हे तुझं उत्तर. मग दवाखान्यात माझ्या शेजारी तूच बसलास, प्लास्टर होईपर्यंत डॉक्टरच्या डोक्याशी तूच कटकट केलीस, आणि तिथून थेट खाप्याला नेलंस, कारण मनोहरने रोडगे लावले होते. त्या दिवशी हरलेला मीच, तेव्हा एका हाताने वाढलंही मीच. पण एका हाताने रोडगा चुरता येत नाही. मी पानाकडे बघत बसलो होतो. तू तुझं पान बाजूला ठेवलंस, माझ्या पानातला रोडगा दोन्ही हातांनी बारीक चुरलास, वरण घातलंस आणि मनोहर काही बोलायच्या आत त्याला बजावलंस, "हे वाढणं नाही. हे चुरणं होय. नियम तुटला नाही."

असा तू. माया करायची तर तिच्यातही पळवाट शोधून.

मग ती शेवटची शर्यत आली. ती शेवटची आहे हे फक्त तुला माहीत असावं, असा मला आता संशय येतो.

थंडी होती, रस्ता कोरडा, वारा समोरून. शिट्टी झाल्यावर तू नेहमीसारखा माझ्या पाठीमागे आलास. घरघर सुरू झाली. मी वारा कापत होतो आणि मनात तुला शिव्या देत होतो, सगळं रोजचंच. शेवटचा सरळ रस्ता लागला, तू बाजूने निघालास. या वेळी "चाल गा" म्हणाला नाहीस. दोनचार ढांगा पुढे गेलास आणि अचानक कमरेतून सरळ उभा राहिलास. हात खाली सोडलेस. नुसता घरंगळत राहिलास, संध्याकाळी तलावावर फिरायला आलेल्या माणसासारखा. मी तुझ्या बाजूने गेलो आणि रेषा ओलांडली. मागे वळून पाहिलं तर तू हसत होतास आणि हात हलवत होतास.

मला आनंद झाला नाही. मला काही कळेचना. गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलास. मनोहर एकटाच बडबडत होता, "आज अविनाशभाऊ बसन चटईवर, आज मजा येईन."

शेतावर मी चटईवर बसलो. तू तुपाची वाटी घेऊन आलास, रोडगा फोडलास आणि धार धरणार तेवढ्यात मी विचारलं, "काहून सोडलं?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालास, "दया आली बे. किती वर्षं वाढशीन?"

मनोहर म्हणाला, "दिनकर, चूप राह्य." पण तू बोलून चुकला होतास.

मी पान ढकललं. फोडलेला रोडगा चटईवर सांडला. "भीक नाही पाहिजे मले," म्हणून मी उठलो, जोडे घातले आणि खाप्याच्या स्टँडवर येऊन एसटीने नागपूरला आलो. तू मागे आला नाहीस. आयुष्यभर माझ्या मागे राहिलास, आणि ज्या दिवशी यायला पाहिजे होतं त्या दिवशी आला नाहीस.

त्यानंतर आपण बोललो नाही. तू रोज सकाळी मोबाइलवर सूर्योदयाची आणि सुविचारांची चित्रं पाठवत राहिलास, जणू काही झालंच नाही. मी एकालाही उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी तुझं चित्र आलं नाही, वहिनींचा फोन आला. दूध घेऊन आलास, खुर्चीत बसलास आणि बसलेलाच राहिलास.

मी तुझ्या तेरवीला आलो तो अजून रागात होतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का म्हणून? जिवंत असताना ज्याने पानात भीक वाढली त्याने मेल्यावर ती परत घेतली का?

पंगती उठल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात तुझे स्केट ठेवले होते, धुऊन पुसून. वहिनी रडल्या नाहीत. त्या रागावलेल्या होत्या, अगदी माझ्यासारख्याच.

"भाऊजी, तुमाले एक सांगायचं आहे. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता मी कोणाचं काहून ऐकू?"

"सांगा वहिनी."

"त्या दिवशी खाप्याहून आले अन् जिन्यातच बसले. दोन पायऱ्या चढले अन् बसले. मी म्हटलं, काय झालं? त म्हणे, आज अव्यानं मले धुतलं वं. म्हणे, पाय चालून राहिले होते, पण छातीत हवाच नाही. पुढं जाऊन उभाच राह्यलो. पडलो असतो, म्हणून हात हलवला."

मी जवळची खुर्ची ओढून बसलो.

"मी म्हटलं, मंग तसं सांगा ना त्यांले. कायले भांडण घेतलं? त म्हणे, सांगितलं त तो मले उचलून डॉक्टरकडे नेईन. अन् डॉक्टर पह्यले स्केट काढून घेईन. म्हणून मुद्दाम ढील देल्ली असं सांगून आलो. रागावन थोडे दिवस, मंग तोच येईन." वहिनींनी पदराने स्केटच्या चाकावरची नसलेली धूळ पुसली. "दिवाळीपासून जिन्यात थांबत होते, भाऊजी. मी किती म्हटलं दाखवा. म्हणे, शर्यती संपू दे. मी पोरीले सांगते म्हटलं त माह्याशी बोलणं बंद केलं. आता तुमीच सांगा, मी काय कराले पाहिजे होतं?"

तू त्या बाईला हा प्रश्न देऊन गेलास. गणिताचा मास्तर ना तू, उत्तर नसलेलं गणित घरी ठेवून गेलास. त्या ते आता रोज सोडवत बसतील. मी म्हणालो, "तुमची काही चूक नाही वहिनी. तो ऐकणारा नव्हता." खरं बोललो, पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

दिन्या, पडला तरी नाक वर म्हणतात ते तुझ्यासारख्यांसाठीच. हरलास तर हरलास. इतक्या वर्षांत एकदा. त्यात काय आभाळ कोसळत होतं? तोंडाने म्हणायचं होतं, अव्या, आज दम निघाला. चार शब्द. मी तुला खरंच उचलून नेलं असतं. तू लाथा झाडल्या असत्यास, मी नेलं असतं. डॉक्टरने स्केट काढून घेतले असते आणि आपण दोघं पुन्हा त्या बागेतल्या बाकावर जाऊन बसलो असतो, दुसऱ्यांच्या पोरींना पडताना पाहत, दाण्याची पुडी मध्ये ठेवून, भांडत. एवढंही तुला चाललं नसतं? हारात हनुवटी बुडवून भिंतीवर टांगून घेणं त्यापेक्षा बरं वाटलं?

भित्रा होतास तू. शोकसभेत हे कुणी म्हटलं नाही म्हणून मी म्हणतो. जो माणूस मित्राला "मी हरलो" हे सांगायला घाबरतो आणि त्याऐवजी "तुझी दया आली" म्हणतो, तो भित्राच.

आणि याहून वाईट गोष्ट ऐक. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू म्हणालास सोडलं, मला लगेच पटलं. तू सोडल्याशिवाय मी जिंकू शकतो ही शंकासुद्धा माझ्या मनात आली नाही. तुझा खोटेपणा पचला तो त्यामुळे. इतकी वर्षं वाढून वाढून मला वाढप्याच्याच जागेची सवय झाली होती. माझी एकुलती एक जीत माझ्या पायांनी कमावलेली होती आणि ती मी चटईवर टाकून एसटीने घरी आलो.

गेल्या आठवड्यात मी पहाटे एकटा रस्त्यावर गेलो. म्हटलं, पाहू तरी. वारा नव्हता, रस्ता मोकळा होता. पाचसात मिनिटांत मी एवढा हळू झालो की फिरायला निघालेले एक आजोबा काठी टेकत माझ्याबरोबर चालायला लागले आणि त्यांनी विचारलं, "शिकून राहिले का?" मागे घरघर नव्हती. मी दोनदा वळून पाहिलं. तेव्हा तुझं म्हणणं बरोबर होतं, घे. तू ढकलत होतास. पण एवढं पटवून द्यायला मरायची गरज नव्हती, मी कधीतरी मानलं असतं.

रमेशने आता तुझ्या नावाची शर्यत काढायचं ठरवलंय. तुझा टायवाला फोटो छापून फलक लावणार आहे, खाली "खेळाडू वृत्तीचा आदर्श". मी त्याला म्हटलं, फलकावर दिन्याचं तोंड छापू नको, दुसऱ्या कुणाची तरी पाठ छाप. त्याला समजलं नाही. समजणार नव्हतंच.

काल मनोहरने खाप्याला बोलावलं. मी जाणार नव्हतो. "वहिनी म्हणतात मले बी यायचं आहे," असं तो म्हणाला म्हणून गेलो. वहिनी आणि सई गाडीत मागे बसल्या होत्या, मांडीवर भिवापूरच्या मिरचीची पिशवी. शेतावर मनोहरने गोवऱ्या पेटवल्या. सईने तुझ्यासारखीच राख वेळेआधी उकरून रोडगे पाहिले आणि तुझ्यासारखीच मनोहरची बोलणी खाल्ली.

पत्रावळी मांडल्या. मी सवयीने तुपाच्या वाटीकडे हात केला. वहिनींनी ती आधीच उचलली होती.

"तुमी बसा भाऊजी. चटईवर बसा. ते हरले होते ना?" त्यांनी राखेतला रोडगा फडक्यात धरून झटकला आणि माझ्या पानात ठेवून फोडला. हाताला चटका बसला, तशी बोटं पदराला पुसली. "त्यांचं वाढणं राह्यलं होतं. वैर घरी नेऊ नका आता."

मनोहरने तोंड फिरवलं आणि उगाच जाळ फुंकत बसला, जाळ कधीचा विझला होता.

वहिनींनी तुपाची धार धरली. मी "पुरे" म्हणायला पाहिजे होतं. मी नुसता वर बघत बसलो. त्या ओतत राहिल्या, रोडगा भिजला, तूप वरणात उतरलं, पानाच्या कडेला आलं. शेवटी सईने आईचा हात धरला आणि म्हणाली, "पुरे वं आई. काकाले खाऊ दे."

मी खाल्ला. पूर्ण खाल्ला, पानात कण ठेवला नाही. वर्षानुवर्षं तू डोळे मिटून जे सांगत होतास ते मी नीट, घासाघासाला तपासून पाहिलं.

अलग लागत नाही, दिन्या. तसाच लागतो. हेही तू खोटंच सांगितलंस.